आधी पुरावा पाहा, मग विषय पक्का करा

प्रश्न थोडक्यात असा: "मी नाशिकच्या एका महाविद्यालयातून अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे. चार महिन्यांत एक शोधनिबंध तयार करायचा आहे. विषय ठरवला आहे 'नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या व उपाय'. शंभर शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेणार आहे. संदर्भ कुठे शोधू, मांडणी कशी करू, कुठे छापायला देऊ आणि मराठीत लिहू की इंग्रजीत?"

मी नाशिकमध्येच अर्थशास्त्र शिकवतो आणि अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांना मार्गदर्शन करतो. तुम्ही कांदा निवडलात याचा मला आनंद आहे. निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाणा, कळवण या सगळ्या पट्ट्यात घरोघरी त्यावर संसार चालतात, आणि त्या मानाने त्यावर नीट अभ्यास फार थोडा झाला आहे. पण ठरवलेलं शीर्षक सोडा, ही माझी पहिली विनंती. प्रश्नावली छापून घेण्याआधीच सोडा.

'समस्या व उपाय' या शीर्षकाचा निबंध लिहायला घेतला की त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. भाव मिळत नाही, मजूर मिळत नाहीत, अवकाळी पाऊस होतो, साठवणुकीत कांदा सडतो, सरकारचं धोरण सारखं बदलतं. उपायही ठरलेले: हमीभाव द्या, चाळींना (कांदा साठवायच्या शेडना) अनुदान द्या, प्रक्रिया उद्योग उभारा. लासलगावच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर हे दहा मिनिटांत ऐकायला मिळतं. शंभर शेतकऱ्यांचा वेळ घेऊन तेच तक्त्यात मांडलं, तर '87 टक्के शेतकऱ्यांनी भाव कमी असल्याचे सांगितले' असं एक वाक्य हाती लागेल. त्यातून कुणालाच नवीन काही कळत नाही.

विषय म्हणजे एक मोठा परिसर. शोधनिबंधाला त्या परिसरातला एक प्रश्न लागतो. तो प्रश्न खरा आहे का, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे: त्याचं उत्तर तुमच्या अपेक्षेविरुद्ध येऊ शकतं का? बाजार समितीतले दोन जाणकार त्या प्रश्नावर एकमेकांशी वाद घालतील का? तसं असेल तर तो प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे.

असा प्रश्न खोलीत बसून विचार करत राहिल्याने सुचत नाही. तो पुरावा समोर ठेवून पाहताना सुचतो. म्हणून पहिल्या आठवड्यात सिद्धांताची पुस्तकं बाजूला ठेवा आणि आकडे उघडा. केंद्र सरकारच्या 'अ‍ॅगमार्कनेट' या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय, तारीखनिहाय आवक आणि दर मिळतात. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही रोजचे बाजारभाव असतात. लासलगावचे 2022 ते 2024 या तीन वर्षांचे कांद्याचे आकडे उतरवून घ्या, एक्सेलमध्ये टाका आणि नुसता आलेख काढा. कुठलंही सूत्र लावायची घाई करू नका. दोन-तीन दिवस त्या आलेखाकडे बघत बसायची तयारी ठेवा.

त्या आकड्यांत काय काय दडलेलं असतं ते आधी सांगतो, कारण बहुतेक निबंध इथेच फसतात.

पहिली गोष्ट परिमाणाची. अ‍ॅगमार्कनेटवर आवक टनांत दिसते, पणन मंडळाकडे क्विंटलमध्ये. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात जोडले तर आवक अचानक दहापट वाढल्यासारखी किंवा दहापट घटल्यासारखी दिसेल, आणि तुम्ही त्याची कारणं शोधत बसाल.

दुसरी गोष्ट दराची. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर दिलेले असतात. कमाल दर हा त्या दिवशीच्या एखाद-दुसऱ्या उत्तम ट्रॉलीचा असतो. वर्तमानपत्रात तोच मथळ्यात येतो, कारण तो डोळ्यात भरतो. किमान दरात गोल्टी (अगदी बारीक कांदा) आणि खराब माल आला. अभ्यासासाठी सर्वसाधारण दर घ्यायचा, कारण त्या दराच्या आसपास त्या दिवशीचा बराचसा माल विकला गेलेला असतो. किमान आणि कमाल यांची सरासरी काढून 'सरासरी दर' म्हणणारे निबंध मी पाहिले आहेत. ती सरासरी कुठल्याच शेतकऱ्याला मिळालेली नसते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: वर्षभर एकच कांदा बाजारात येत नाही. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून यायला लागतो, त्यामागोमाग रांगडा, म्हणजे लाल आणि उन्हाळ यांच्या मधल्या हंगामाचा कांदा, येतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, म्हणून भाव पाहून थांबणं शेतकऱ्याला थोडंफार शक्य असतं. या दोन्हींचे दर एका रांगेत जोडून 'भावातील चढउतार' असं म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंचे भाव एकत्र करणं होय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर दोन्ही कांदे एकाच आवारात, एकाच दिवशी, वेगवेगळ्या भावाने विकले जातात.

चौथी गोष्ट रिकाम्या रकान्यांची. सुट्ट्या असतात, अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा होती, कधी हमाली-तोलाईवरून वाद होतो, कधी व्यापारी लिलाव बंद ठेवतात. सप्टेंबर 2023 मध्ये निर्यात शुल्काच्या निषेधार्थ जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. अशा दिवसांना आवक शून्य लिहायची नाही. माहिती नाही, असं लिहायचं. शून्य लिहिलंत तर त्या आठवड्याची सरासरी कोसळेल आणि जे घडलंच नाही ते तुमच्या आलेखात घडेल. शिवाय बंद उठल्यावर एकदम आलेली आवक ही त्या आठवड्याची आवक नसते, तुंबलेला माल असतो.

आता पुराव्यातून प्रश्न कसा निघतो ते पाहा. ऑगस्ट 2023 पासून केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर जे निर्णय घेतले त्यांची तारीखवार यादी करा. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर हे किमान निर्यात मूल्य आलं. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद झाली, ती आधी 31 मार्च 2024 पर्यंत होती, मार्चमध्ये ती पुढे ढकलली गेली. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क यांसह. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं.

बोलताना आपण या सगळ्याला सरसकट 'निर्यातबंदी' म्हणतो. संशोधकाला तसं म्हणता येत नाही. शुल्क म्हणजे निर्यात महाग करणं, किमान मूल्य म्हणजे स्वस्त माल बाहेर जाऊ न देणं, आणि बंदी म्हणजे दार लावून घेणं. तिन्हींचा बाजारावर होणारा परिणाम सारखा असेलच असं नाही. आणि या तारखा वर्तमानपत्रातून घेऊ नका. किमान मूल्य आणि बंदीची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची असते, शुल्काची अर्थ मंत्रालयाची. दोन्ही मूळ स्वरूपात मिळतात. त्यात अंमल केव्हापासून आणि बंदरात आधीच पोहोचलेल्या मालाचं काय हे लिहिलेलं असतं, आणि नेमका तोच तपशील बातमीत गळतो.

ही यादी आणि मघाचा आलेख शेजारी ठेवा. ऑगस्टमध्ये शुल्क लागलं तेव्हा बाजारात चाळीतला उन्हाळ कांदा होता. डिसेंबरात बंदी आली तेव्हा शेतातून निघणारा लाल कांदा होता. पहिल्या वेळी शेतकऱ्याला थांबता येत होतं, दुसऱ्या वेळी नाही. मग प्रश्न समोर येतो: निर्यातीवर निर्बंध आले असता, साठवता येणाऱ्या कांद्याच्या बाजारात आणि न टिकणाऱ्या कांद्याच्या बाजारात दर आणि आवक यांचं वागणं वेगळं झालं का? लासलगावात पुढच्या सहा आठवड्यांत नेमकं काय दिसलं?

हा प्रश्न तुमच्या मूळ विषयाच्या पोटातलाच आहे, पण याला उत्तर आहे, आणि ते काय येईल हे मला आत्ता माहीत नाही. साठवण्याची सोय शेतकऱ्याचं रक्षण करते असं आपण सगळे मानतो, चाळीला अनुदान त्याच समजुतीवर दिलं जातं. कदाचित ती समजूत टिकेल. कदाचित असंही दिसेल की भाव आणखी पडतील या भीतीने चाळी एकदम रिकाम्या झाल्या.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती तुम्ही लपवू नका, निबंधातच लिहा. ऑगस्टचा निर्णय शुल्काचा होता, डिसेंबरचा बंदीचा. दोन्ही वेळी कांदाही वेगळा आणि निर्णयही वेगळा. मग जो फरक दिसेल तो कशामुळे? एवढ्या दोन घटनांवरून ठाम उत्तर देता येणार नाही. कांद्यावर निर्बंध याआधीही आले आहेत. सप्टेंबर 2019 आणि सप्टेंबर 2020 मध्येही निर्यात बंद झाली होती, आणि दोन्ही वेळा चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला होता. म्हणजे बंदीची तुलना बंदीशी करता येईल आणि कांदा कोणता हा फरक वेगळा काढायला थोडी जागा मिळेल. अशी एकेक अडचण दिसली की प्रश्न आणखी टोकदार होत जातो. या भागाला वेळ द्या.

दुसरी अडचण तुलनेची. धोरण देशभर लागू होतं, त्यामुळे त्याचा परिणाम न झालेला बाजार सापडणार नाही. पिंपळगाव बसवंतशी तुलना करून काही हाती लागत नाही, तिथे याच पट्ट्यातला माल जातो. मागच्या चार-पाच वर्षांतले तेच आठवडे घ्या, म्हणजे हंगामाची नेहमीची चढउतार वेगळी करता येईल. सोलापूरसारखा वेगळ्या हंगामाचा बाजार सोबत ठेवा. आणि पावसाची नोंद जवळ ठेवा. 2023 च्या ऑगस्टमध्ये पावसाने मोठी ओढ दिली होती, त्याने लाल कांद्याच्या आवकेवर काय झालं ते पाहिल्याशिवाय सगळं श्रेय किंवा दोष अधिसूचनेला देऊ नका. चार-पाच वर्षांचे दर एकमेकांशी ताडताना महागाईही वजा करावी लागते. त्यासाठी लेबर ब्युरोचा शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरलात तर तो ग्रामीण खर्चाच्या जवळ जातो.

आता तुमच्या शंभर प्रश्नावल्या. नव्या प्रश्नाला त्या लागत नाहीत. लागतात वीस-पंचवीस शेतकरी, पण नीट निवडलेले. प्रश्नावली घेऊन लिलावाच्या आवारात उभं राहणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात. पण आवारात भेटतो तो शेतकरी त्या दिवशी विकायला आलेला असतो. ज्याने न विकायचं ठरवलं तो घरी चाळीजवळ असतो. तुमचा प्रश्न थांबण्याविषयी आहे, आणि तुमच्या नमुन्यात थांबलेला माणूसच नसेल. गावात जावं लागेल. दोन-तीन तालुक्यांतली चार गावं घ्या, चाळ असलेले आणि नसलेले, लहान आणि मोठे, असे दोन्हीकडचे शेतकरी निवडा आणि कसे निवडले ते निबंधात लिहा.

विचारताना मत विचारू नका, घडलेलं विचारा. "निर्यातबंदीमुळे तुमचं नुकसान झालं का?" या प्रश्नाला होकाराशिवाय दुसरं उत्तर येत नाही. "त्या वर्षी शेवटची ट्रॉली कधी नेली? त्याच्या आधीची कधी? मध्ये का थांबलात? पट्टी ठेवली आहे का?" असं विचारा. पट्टी म्हणजे विक्रीची पावती. तिच्यावर तारीख, वजन, दर, कपात आणि हाती पडलेली रक्कम असते. लिलावात पुकारलेला दर आणि गाडीभाडं जाऊन हाती राहिलेले पैसे यांतलं अंतर तिथे उघड दिसतं. अनेक घरांत पट्ट्या डब्यात किंवा पिशवीत जपलेल्या असतात, आणि आदराने विचारलं तर लोक आपणहून काढून दाखवतात. फोटो घ्यायचा तर परवानगी घेऊन घ्या, नाव आणि खाते क्रमांक झाकून घ्या, आणि माहिती कशासाठी वापरणार हे आधी सांगा. लावणी-काढणीच्या दिवसांत जाऊ नका. घरातल्या बाईंशी बोलल्याशिवाय परत येऊ नका. कांदा निवडणं, चाळीत भरणं, सडका वेगळा काढणं हे काम बहुतेक घरांत त्यांच्याकडे असतं आणि किती सडला याचा खरा अंदाज त्यांनाच असतो.

संदर्भांकडे यानंतर वळा. आधी नाही. प्रश्न हातात नसताना वाचायला बसलात तर सगळंच उपयोगाचं वाटतं आणि टिपणांच्या वह्या भरत जातात.

'शोधगंगा'वर भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध पूर्ण मिळतात. त्यातली प्रकरणं वाचण्याआधी प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची वाचा, कुठे काय आहे हे तिथून लवकर कळतं. गूगल स्कॉलरवर एखादा चांगला लेख सापडला की त्याखाली त्याचा संदर्भ पुढे कोणी दिला ही यादी असते. तिच्यातून अलीकडच्या कामापर्यंत पोहोचता येतं. इंग्रजीत शोधताना नाशिकचं जुनं (Nasik) आणि नवं (Nashik) अशी दोन्ही स्पेलिंगं टाका. जुने अहवाल, अगदी 1883 चं मुंबई इलाख्याचं नाशिक गॅझेटियरसुद्धा, जुन्या स्पेलिंगनेच सापडतं. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना जानेवारी 2025 पासून सुरू आहे, तिच्यातून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मोठ्या प्रकाशकांची हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमच्या महाविद्यालयाला प्रवेश आहे का हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर मुक्त विद्यापीठाच्या किंवा पुण्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून काम करता येतं का ते पाहा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये शेतीच्या बाजारपेठेवरचं जुनं काम आहे, तिथे दोन दिवस काढाच. आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयाला कमी लेखू नका. 1840 पासूनची संस्था आहे. जुन्या काळातल्या शेतीविषयी छापलेलं काही हवं असेल, तर इंटरनेटवर नसलेलं पुस्तक तिथल्या कपाटात असू शकतं.

वाचताना एक नियम कडक पाळा: जो संदर्भ द्याल तो स्वतः उघडून वाचलेला असला पाहिजे. लासलगाव ही 'आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ' आहे हे वाक्य जवळजवळ प्रत्येक निबंधात असतं आणि त्याखाली संदर्भ असतो दुसऱ्या निबंधाचा. त्या निबंधात तिसऱ्याचा. शेवटपर्यंत मागे जा आणि पाहा, कशात मोठी? आवकेत, उलाढालीत की व्याप्तीत? कोणत्या वर्षी? कोणी मोजलं? तळाशी मोजमाप सापडलं तर ते वर्षासह लिहा. नाही सापडलं तर ते वाक्य गाळा. तुमच्या निबंधाला त्याची गरज नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. ती साधनं अस्तित्वातच नसलेले लेख खऱ्या लेखकांच्या नावावर, खऱ्या नियतकालिकाच्या नावासह, खंड आणि पानांसकट देतात. दिसायला ते अगदी खरे असतात. त्यांच्याकडून आलेला एकही संदर्भ मूळ लेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत घालू नका.

टिपणं काढताना दुसऱ्याचं वाक्य उतरवून घेतलंत तर त्याच क्षणी अवतरण चिन्ह आणि पान क्रमांक घाला. आपल्या शब्दांत लिहायचं असेल तर पुस्तक मिटून लिहा. वाङ्मयचौर्याविषयीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही, म्हणून अनेक जण शेवटच्या आठवड्यात शब्द इकडेतिकडे करून टक्का खाली आणत बसतात. त्याने टक्का कमी होतो, चोरी मात्र तशीच राहते. संदर्भ ठेवायला 'झोटेरो' वापरा. फुकट आहे, आणि शेवटच्या रात्री सूची बनवण्याचा त्रास वाचतो.

जाता जाता, हे उत्तर इतर विषयांचे विद्यार्थीही वाचतील म्हणून. रीत तीच आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहावर लिहायचं असेल तर 2 मार्च 1930 ही तारीख आणि दादासाहेब गायकवाडांचं नेतृत्व हे सगळ्यांना माहीत आहे. ते पुन्हा सांगून निबंध होत नाही. त्या काळची वर्तमानपत्रं, महाराष्ट्र शासनाने छापलेली आंबेडकरांच्या चळवळीची साधनं आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातली कागदपत्रं एकाच आठवड्याविषयी काय सांगतात ते शेजारी ठेवून पाहा. जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे तुमचा प्रश्न आहे. पांडवलेण्यांवर काम करणाऱ्याने शिलालेखांचे वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडातून घ्यावे, पर्यटन पुस्तिकेतून नव्हे.

तुमच्या चार महिन्यांचं मी असं करीन. पहिले तीन आठवडे आकडे उतरवणं, साफ करणं, आलेख काढणं आणि प्रश्न पक्का करणं. त्यानंतरचे तीन आठवडे वाचन, पण लक्ष्य ठेवून: या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ गेलेले आठ-दहा लेख कोणते आणि ते कुठे थांबले. मग महिनाभर गावं. त्यातले काही दिवस फुकट जाणार हे धरून चाला, कुणाकडे लग्न असेल, कुणाकडे पाणी सुटलेलं असेल. पुढचा महिना विश्लेषण आणि लेखन. उरलेला वेळ दुसऱ्याला वाचायला देण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी. तो वेळ खाऊन टाकू नका. वाचायला एक अर्थशास्त्राचा माणूस निवडा आणि एक बाजार समितीतला. बाजार समितीतल्या माणसाच्या शंका जास्त उपयोगी पडतात.

लिहिताना प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. आधी तक्ते आणि आलेख पक्के करा, प्रत्येकाखाली 'यातून एवढंच दिसतं' असा एक परिच्छेद लिहा. मग पद्धत. मग चर्चा, म्हणजे हे असं का दिसलं असेल आणि दुसरं कोणतं कारण शक्य आहे. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सर्वांत शेवटी. प्रस्तावना आधी लिहिली की ती 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून निघते आणि लासलगावला पोहोचेपर्यंत चार पानं संपतात. तुमचं पहिलं वाक्य 8 डिसेंबर 2023 पासून सुरू होऊ शकतं. उपायांचा भाग लिहायचाच असेल तर पुराव्यातून निघेल तेवढाच लिहा. तुम्ही साठवणुकीवर काम केलं असेल तर प्रक्रिया उद्योगावर शिफारस करायचा तुम्हाला आधार नाही.

छापण्याविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे का' हे विचारून आता सुटका नाही, नियतकालिक स्वतः तपासावं लागतं. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापलेला असणं आयोगाच्या 2022 च्या नियमांत सक्तीचं नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम काय आहे ते लेखी पाहून घ्या, कारण विद्यापीठं आपला नियम लावू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह' असे संदेश येतात त्यांना उत्तर देऊ नका. तीन दिवसांत कोणी तुमचे तक्ते तपासत नाही. नियतकालिकावर छापलेला आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, ती नुसती नोंदणी आहे. मागच्या अंकातले दोन लेख पूर्ण वाचा, संपादक मंडळातल्या दोन-तीन नावांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का पाहा, शुल्क केव्हा आणि कशाचं मागतात ते पाहा. एवढ्यात चित्र स्पष्ट होतं. एक निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. परीक्षकांच्या सूचना आल्या तर प्रत्येक सूचनेला क्रमांक देऊन काय बदललं आणि काय का बदललं नाही ते लिहून पाठवा.

राहिला भाषेचा प्रश्न. निर्यात धोरणावरचं बहुतेक काम इंग्रजीत आहे, तुमचा निबंध त्या चर्चेत जायला हवा असेल तर इंग्रजीत लिहा. पण गावातल्या मुलाखती मराठीत घ्या, मराठीत उतरवा आणि विश्लेषणही मराठी मजकुरावरच करा. इंग्रजी फक्त शेवटी उद्धृत करायच्या वाक्यांचं करा, आणि मूळ मराठी वाक्य परिशिष्टात ठेवा. तुमचं इंग्रजी अडखळत असेल आणि मराठीत विचार नेमका होत असेल, तर पहिला मसुदा मराठीतच करा. मराठीत छापायचं ठरवलंत तर अर्थशास्त्राचं मराठी नियतकालिक पाहा, आणि सारांश दोन्ही भाषांत द्या, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडेल. निबंध इंग्रजीत झाला तर त्याचं चार पानांचं मराठी टिपण करून ज्या घरांनी पट्ट्या दाखवल्या त्यांना आणि बाजार समितीच्या कार्यालयाला द्या. आकडे साफ केलेली एक्सेलची फाइल, कोणता रकाना कुठून घेतला याच्या नोंदीसह, मार्गदर्शकांकडे आणि स्वतःकडे वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणाला तीच लागणार आहे.